पावणेसात ते साडेचार

पावणेसातला मागच्या पायरीवरचा दिवा लावते.
पुढचं दार बर्फानं डिसेंबरातच अडवलंय,
आणि शिक्षकांना तसंही मागचंच दार माहीत.

आधी सिग्नी ओस्टबी. आठवीचं गणित.
गाडी सुरूच ठेवून येते,
एका हातात पोर, दुसऱ्यात तपासलेले पेपर,
दातांत हातमोजा.
रात्री तीनदा उठला. नाक वाहतंय. ताप नाही, पाहिला मी.
सगळं उंबऱ्यातच उरकते, हजेरी घ्यावी तसं.
आन्सेल माझ्या खांद्यावर येतो, झोपेनं अजून ऊन,
आणि तिचा कोट रिकामा होऊन
उतारावरून सरोवराच्या दिशेनं निघून जातो.

मग बँड शिकवणारा डॅरेल,
जुळ्या पोरी आणि ट्रॉम्बोनची पेटी.
एकदा घाईत पेटी माझ्याकडे ठेवून
ओपलला शाळेत घेऊन चालला होता.

शाळेची घंटा दोन पन्नासला.
पण घंटा झाली म्हणजे शाळा सुटली असं नाही,
हे अठरा वर्षांत कळलंय मला.
मीटिंग असते, बसची ड्यूटी असते,
कपाटापाशी कुणीतरी रडत थांबलेलं असतं.
बर्फ असला की पहाटे पाचला मेसेज: दोन तास उशिरा.
अकराला दुसरा: लवकर सोडतोय.
त्यांचं वेळापत्रक आभाळ लिहितं.
माझं फ्रिजवर आहे, परवान्याशेजारी, माशाच्या चुंबकाखाली:
साडेचारनंतर मिनिटाला एक डॉलर.
उन्हाळ्यात जागा राखायची तर निम्मे पैसे.

मे महिना आला की डुलूथचे सगळे शिक्षक एकदम गरीब होतात.
"आम्ही तर घरीच असू, मार्लिस."
असा ना. पण जागा म्हणजे काय हवा आहे?
जागा म्हणजे खुंटीवरचं नाव, खिडकीखालचा पाळणा,
आणि ज्याला मी नाही म्हटलं ते दुसरं पोर.
हे मनात. तोंडानं म्हणते, बघू.

फेब्रुवारीतला गुरुवार, पालकसभेची रात्र.
आठपर्यंत ठेवशील, असं सिग्नीनं महिनाभर आधी विचारलेलं.
हो म्हणून गेले, आणि मग कॅलेंडर उलटलं:
साडेसहा. ब्रिटा. गणित. ओस्टबी बाई.
माझीच ब्रिटा.
म्हणजे बाईंनी माझ्या मुलीबद्दल बोलायला तिथे बसायचं
आणि मी त्यांचा मुलगा घेऊन इथे.
नवरा खाणीवर, रात्रपाळीला.
कुणाला काही बोलले नाही. आन्सेलला गाजर भरवलं.
साडेसहा वाजले, आणि नेहमीसारखे गेलेही.

आठ बावीसला गाडीचे दिवे भिंतीवरून सरकले.
सिग्नी आत आली, बूट काढले,
झोपलेलं पोर मागितलंच नाही.
मुलांच्या वीतभर खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीशी,
आणि पिशवीतून वही काढली.
"साडेसहाला तुझी वाट पाहिली. मग आठवलं, तू कुठे आहेस ते."

ब्रिटाला अपूर्णांक चांगले येतात.
हात वर करत नाही.
बरोबर उत्तर लिहिते आणि खोडते.
हे मला माहीत नव्हतं.
"खोडलेलं मी वाचते," सिग्नी म्हणाली, "गुण त्यालाच देते."
जिन्यात एक पायरी वाजली. पुढची वाजली नाही.

निघताना तिनं टेबलावर मोजून चौतीस डॉलर ठेवले.
मी त्यातले बारा परत केले.
"ही बारा मिनिटं माझी होती."
तिनं वाद घातला नाही. गणिताची बाई आहे.

आन्सेलचा एक बूट हीटरवर राहिलाय.
दिवा घालवायला गेले तर पायरी पुन्हा पांढरी,
खाली बंदरात हिवाळ्यापुरती बांधलेली जहाजं दिसेनाशी.
उद्या बहुतेक दोन तास उशिरा.
गजर मात्र पाचचाच लावला.